टेक्सेलच्या बराकीबाहेरचे जोडे

या ग्रुपवरच्या जुन्या मंडळींना माझं नाव ओळखीचं असेल, आणि ते काही चांगल्या कारणासाठी नाही. कुणी घाटातल्या पांढऱ्या साडीची गोष्ट टाकली की खाली पहिली कमेंट माझी असायची — "फोटो आहे का? नाही? मग झोपा आता." तर आज माझी पाळी. काय बोलायचं ते बोला, मी मुकाट्याने ऐकून घेईन.

आमचं घर बौद्ध. भुसावळला आमच्याकडे देव्हाराच नव्हता, तिथे भूत कुठून येणार! लहानपणी एकदा मी अंधाराला घाबरून रडले, तर बाबांनी मला हाताला धरून घरभर फिरवलं. कपाटं उघडून दाखवली, पलंगाखाली वाकायला लावलं आणि म्हणाले, बघ, आहे का कोणी? नाही ना? मग पुन्हा हे नाव काढायचं नाही. मी पुन्हा काढलं नाही. पुढे कामही तसलंच मिळालं — सॉफ्टवेअर टेस्टिंग. जो घोळ पुन्हा घडवून दाखवता येत नाही, तो मी रिपोर्टसुद्धा करत नाही. सांगायचा मुद्दा, मी सहजासहजी हलणारी बाई नाही.

ही गोष्ट २०२० च्या उन्हाळ्यातली. आम्ही नेदरलँड्समध्ये राहतो, ॲमस्टरडॅमच्या दक्षिणेला उइटहॉर्न नावाचं छोटं गाव आहे तिथे. मी, नवरा प्रशांत आणि मुलगी मैत्री, तेव्हा सहा वर्षांची. मैत्रीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून येतं. तिच्या आजोबांना डचचा ड येत नाही, तरी त्या दोघांचं तासन्‌तास काय चालायचं देव जाणे. (बघा, सवय. देव वगैरे नाही.)

बाबा फेब्रुवारीत आले होते, तीन महिन्यांसाठी. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, भुसावळच्या घरात एकटेच असायचे, म्हणून मीच हट्टाने बोलावलं. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि बाबा इथे अडकले. सुरुवातीला मजेत होते. कालव्याकाठी फिरायचे, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला हात करायचे. पण तिकडून एकेक बातमी यायला लागली. रेल्वेतले जुने मित्र, शेजारचे काका... मग त्यांचं जेवण कमी झालं. एक दिवस लसूण सोलता सोलता, मान वर न करता मला म्हणाले (मित्रा हे माझंच नाव),

"मित्रा, मला इथे मरायचं नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. मरायचं कोण म्हणतंय! उलट तिकडे गेलात तर मराल, इथे सुरक्षित आहात, असं मी फाडफाड बोलले. ते लसूण सोलत राहिले. त्यानंतर आमच्या घरात रोज हाच विषय आणि रोज हीच खडाजंगी. शेवटी जुलैच्या अखेरीस अडकलेल्या लोकांना नेणाऱ्या खास विमानात त्यांना जागा मिळाली. मी तिकीट काढलं खरं, पण मनातून शेवटपर्यंत वाटत होतं की बाबा विचार बदलतील. नाही बदलले तर मीच काहीतरी करून ते रद्द करीन, हेही डोक्यात होतंच.

प्रशांत म्हणाला, भांडण पुरे, बाबा जायच्या आधी त्यांना समुद्र दाखवू. म्हणून टेक्सेल. हे उत्तरेचं एक बेट आहे, गाडी बोटीवर चढवून जावं लागतं. कोरोनामुळे बोटीवरही गाडीतच बसून राहा असं सांगत होते. बाबांना ते फारच गमतीचं वाटलं — बोटीत गाडी, गाडीत आपण, आणि आपल्या हातात ठेचा-भाकरी.

घर स्वस्तात मिळालं होतं. बेटावर एक छोटासा विमानतळ आहे. गवताची धावपट्टी, वाऱ्याची दिशा दाखवत फडफडणारी नारिंगी पिशवी, आणि खेळण्यासारखी चिमुकली विमानं. त्याच्या कुंपणाला लागून शेत आणि शेताच्या कडेला आमचं घर. लांबट, बुटकं, विटांचं. मालकीणबाई विल्मा, साठीच्या असतील, शेताच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. पण त्यांना सर्दी झाली होती आणि टेस्टचा रिपोर्ट यायचा होता, म्हणून त्या बाहेरच आल्या नाहीत. किल्ली दाराजवळच्या छोट्या पेटीत, पेटीचा नंबर फोनवर. त्याच फोनवर त्यांनी सांगितलं की युद्धात हा विमानतळ जर्मनांच्या ताब्यात होता आणि हे घर म्हणजे तेव्हाची सैनिकांची बराक. मी "अरे वा" म्हणाले आणि वायफायचा पासवर्ड विचारला.

आता जोड्यांकडे येते, कारण सगळी गोष्ट तीच आहे.

आपण मराठी माणसं चंद्रावर गेलो तरी चपला दाराबाहेर काढणार. इथले लोक बुटासकट घरात शिरतात, आम्ही नाही. त्या घराच्या दारापुढे विटांची छोटी पडवी होती, वर छप्पर. तिथेच आम्ही सगळ्यांनी जोडे सोडले. प्रशांतचे स्पोर्ट शूज, माझ्या सँडल, मैत्रीचे हिरवे गमबूट — पुढे बेडकाचे दोन फुगीर डोळे असलेले, ती घरात शिरतानाच काय ते काढायची — आणि बाबांचे काळे चामड्याचे, नाडीचे बूट.

बाबांच्या बुटांबद्दल जरा सांगायला हवं. आमच्या आजोबांना गावात पाटलाच्या घरापुढून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागायच्या. बाबा नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी काळे बूट घेतले, आणि तेव्हापासून एक दिवस असा नाही की बूट चमकवल्याशिवाय ते घराबाहेर पडले. पॉलिश स्वतःच करायचे. आयुष्यात कधी पॉलिशवाल्यापुढे पाय ठेवला नाही, बुटांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मात्र घरी आले की काढायचे कसे, तर एक इकडे, एक तिकडे. आई कुरकुरत ते पायानेच सरळ सारायची, कारण हात लावायची सोय नव्हती.

तर पहिल्या सकाळी मी दार उघडलं आणि बघते तर चारही जोड एका ओळीत. टाचा भिंतीकडे, टोकं बाहेर. अगदी दोरी लावून मांडल्यासारखे. मला वाटलं प्रशांतने केलं. प्रशांतला वाटलं मी. बाबा आले आणि त्यांचा पारा चढला.

"माझ्या जोड्यांना हात कुणी लावला?"

मी नाही म्हटलं, प्रशांतने नाही म्हटलं, मैत्रीने डचमधून नाही म्हटलं. बाबांचा विश्वास बसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, आईसारखं करायला जाऊ नकोस, तिचं तिच्याबरोबर गेलं. खरं सांगते, क्षणभर मनात आलंसुद्धा — आई? आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

त्या दिवशी आम्ही समुद्रावर गेलो. वारा असा की भाकरी हातातून उडेल. परत येऊन जोडे जसे पडतील तसे टाकले, वाळूने भरलेले, आणि जेवायला बसलो. जेवून बाहेर येतो तर पुन्हा ओळ. आणि वाळू नाही. बुटांच्या आत नाही, तळव्याला नाही. विटांवर मात्र दाराच्या कोपऱ्यात वाळूचा एक नीट ढीग.

"वारा असेल," प्रशांत म्हणाला.

"वाऱ्याने बूट झाडून ठेवले?"

"बेटावरचा वारा आहे. शिकलेला असेल."

त्याची चेष्टा चालू होती, पण संध्याकाळी त्याने गुपचूप आपले शूज आत आणून ठेवले. मला दिसलं.

बाबांचं लक्ष वेगळीकडेच होतं. ते कुंपणापाशी उभे राहून विमानं बघायचे. एखादं चिमुकलं विमान गवतावरून उड्या मारत वर जायचं आणि बाबा ते ठिपका होईपर्यंत मान वर करून बघत राहायचे. प्रशांत त्यांना चिडवायचा, बाबा, हे भुसावळला जात नाही हो. बाबा हसायचे आणि म्हणायचे, प्रशांतराव, माझं येतंय, आठवडाभर थांबा. मला ते हसणं बघवायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस होता. बाबा आत पडले होते, मैत्री चित्र काढत होती, प्रशांतचा ऑफिसचा कॉल. मी म्हटलं, आता बघतेच. टेस्टर आहे मी. पडवीत जाऊन सगळे जोडे विस्कटून टाकले, बाबांचा एक बूट तर उताणा केला, फोटो काढला आणि आत आले. तिथल्या दारांचे दोन भाग असतात, वरचं वेगळं उघडतं, खालचं वेगळं. मी खालचं लावलं, वरचं सताड उघडं ठेवलं आणि त्याला खेटूनच लॅपटॉप घेऊन बसले. कुणी माणूस आला असता तर त्याचं डोकं मला दिसलंच असतं. कुणी मूल आलं असतं तर ओल्या मातीतून येताना पाय वाजले असते.

बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग... सर्र. चामडं विटेवरून सरकल्याचा आवाज. आणि मग टक. दोन टाचा एकमेकींना लागल्याचा.

मी ताडकन उठून दारावरून वाकले. पडवीत कुणी नाही. बाबांचा उताणा बूट सुलटा झालेला, जोडी नीट लागलेली, टोकं बाहेर. बाकीचे जोडे तसेच अस्ताव्यस्त. मी बघत राहिले. पापणी लवू दिली नाही. काही हललं नाही, एक पान नाही. एवढ्यात आतून मैत्रीने "मामा!" अशी हाक मारली — इथली पोरं आईला मामा म्हणतात — आणि मी मान वळवली. फक्त मान.

सर्र. टक.

वळून बघितलं तर माझ्या सँडल बाबांच्या बुटांशेजारी. माझ्या हाताच्या अंतरावर, वाकले असते तर बोट लागलं असतं, इतक्या जवळ. पडवीच्या कडेला पावसाने ओल्या झालेल्या विटांवर पावलाचा एक ठसा नाही. लॅपटॉप पडला तेव्हा प्रशांत धावत आला, त्याला मी काय सांगितलं मला आठवत नाही. तो शूज चढवून घराला चक्कर मारून आला, ओला होऊन, आणि चिखलाचे शूज पडवीतच सोडले. कुणी नव्हतं. आम्ही तिथल्या तिथे ठरवलं की उद्या सकाळी निघायचं, आणि बाबांना यातलं अक्षर सांगायचं नाही.

सकाळ झाली, स्वच्छ ऊन. आता येतो तो खरा प्रसंग.

मी पहिली बॅग घेऊन अनवाणीच गाडीपर्यंत गेले. गाडी पडवीपासून दहा पावलांवर. जाताना जोडे बघितले होते, रात्रीच्या ओळीत होते, चारही. बॅग डिकीत टाकली, डिकी लावली, वळले. तीन जोड तसेच होते, टोकं बाहेर. बाबांचे बूट ओळीतून काढून बाजूला ठेवले होते. टोकं भिंतीला टेकलेली. आणि दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधलेल्या.

मी हाक मारायला तोंड उघडलं तोच मागून सायकलची घंटी वाजली. विल्मा होत्या. रिपोर्ट चांगला आला होता, म्हणून निरोप द्यायला आल्या होत्या. नियमाप्रमाणे लांबच उभ्या राहिल्या, हसून "हॅलो" म्हणाल्या, मैत्रीच्या बेडकांकडे बघून आणखी हसल्या. मग त्यांची नजर भिंतीकडे गेली आणि चेहरा उतरला. हातातली सायकल आडवी पडली तरी त्यांना कळलं नाही.

"हे असं ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुणीच नाही, आणि ठेवले आम्ही नाहीत. तोवर प्रशांत आणि बाबा दारात आले होते. विल्मांनी जे सांगितलं ते असं. त्यांची आई, नेल, इथल्याच शेतावर वाढली. युद्धात ती दहा-अकरा वर्षांची पोर होती. सैनिकांनी तिला या बराकीच्या दारात बसवली होती. काम एकच — बूट. पुसायचे, पॉलिश करायचे, टोकं बाहेर करून ओळीत लावायचे, म्हणजे हल्ल्याचा भोंगा झाला की पाय घालून पळता येईल. ओळ वाकडी दिसली तर मार. आणि एखादा परत आला नाही की त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून, टोकं भिंतीला लावून वेगळे ठेवायचे. मग कुणीतरी येऊन ते त्याच्या घरी पाठवायला घेऊन जायचं. नेलने हे एकदाच सांगितलं होतं, लेकीला. विल्मांनी ते पाहुण्यांपैकी कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं.

"हे बूट कुणाचे आहेत?" त्या म्हणाल्या. मी बाबांकडे बघितलं. विल्मा म्हणाल्या, आज त्यांना कुठे जाऊ देऊ नका.

आज काय, मी तर त्यांना चार दिवसांनी हजारो मैल पाठवणार होते, त्या आगीत! मी तिथेच फोन काढला. बाबांनी विचारलं काय करतेस, मी म्हटलं, तिकीट रद्द करतेय, झालं तेवढं पुरे. प्रशांतने त्यांना विल्मांचं बोलणं मराठीत सांगितलं, सगळं, पावसातल्या दुपारसकट. मला वाटलं बाबा हसतील. हसले नाहीत. पडवीच्या पायरीवर बसले, ते बूट मांडीवर घेतले आणि गाठ सोडवायला लागले. गाठ घट्ट होती, त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना सुटेना. मी मदतीला वाकले तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"मित्रा, तुझ्या बापाचं तिकीट तू बुटांवरून ठरवणार?"

त्यांनी गाठ सोडली, बूट घातले, नाड्या बांधल्या आणि उभे राहिले. "माझे जोडे भिंतीकडे तोंड करून राहणार नाहीत," एवढंच म्हणाले आणि सरळ चालत गाडीत जाऊन बसले. मी फोन हातात धरून तशीच उभी. मनात नुसता कालवा — रद्द करू, नको करू.

तेवढ्यात विल्मांचा फोन वाजला. त्यांनी तो घेतला, ऐकला, आणि सायकल उचलून निघाल्या. संध्याकाळी आम्ही उइटहॉर्नला पोचल्यावर त्यांचा मेसेज आला. नेल आजी त्या सकाळी वारल्या होत्या, गावातल्या वृद्धाश्रमात. सर्दीमुळे त्या आठवड्यात विल्मांना आत सोडलं नव्हतं, त्याच दुपारी त्या आईला भेटायला जाणार होत्या. मेसेजच्या शेवटी लिहिलं होतं, तुम्हाला घाबरवलं, मला माफ करा.

प्रशांत म्हणाला, झालं, ज्याची खूण होती तो माणूस गेला, बाबांचा काही संबंध नाही. मला पटलं नाही. मग बूट बाबांचे का? ते चार दिवस मी कसे काढले मलाच माहीत. तिकीट मात्र रद्द केलं नाही. दोनदा बोट बटनावर ठेवलं, दोनदा काढलं. बाबांच्या त्या वाक्याने माझा हात धरून ठेवला होता.

विमानतळावर प्रवाशांशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. बाबा दारातून आत गेले, तोंडावर मास्क, वर ती प्लॅस्टिकची काच, खाली चमचमते काळे बूट. मी फक्त बूट बघत होते, गर्दीत दिसेनासे होईपर्यंत. गाडीत बसल्यावर इतकी रडले की प्रशांतने पार्किंगमधून गाडी बराच वेळ काढलीच नाही.

बाबा पोचले. मुंबईला हॉटेलात सक्तीने थांबले, मग भुसावळ. त्यांना काही झालं नाही. घराच्या दारातून त्यांनी पहिला फोटो पाठवला, उंबऱ्याबाहेर बूट — एक इकडे, एक तिकडे. तो फोटो बघून मी हसले की रडले, सांगता येणार नाही.

इथे हे संपलं असतं तर मी ग्रुपवर लिहिलंच नसतं. योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. अगदी त्या पावसाळी दुपारचंसुद्धा काहीतरी करून मनाला पटवलं असतं.

सप्टेंबरमध्ये विल्मांचा फोन आला. म्हणाल्या, सांगू की नको असं बरेच दिवस चाललंय. आईचं सामान आणायला त्या वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा तिथली नर्स त्यांच्याशी बोलत बसली. नेल आजी कित्येक महिने अंथरुणाला खिळलेल्या, कुणाला ओळखत नव्हत्या, बोलणं जवळपास बंद. पण त्या शेवटच्या आठवड्यात त्यांचे हात सारखे चालू होते. पांघरुणावर काहीतरी पुसायचं, उचलायचं, शेजारी शेजारी ठेवायचं. नर्सने विचारलं, काय करताय? तर म्हणाल्या, बूट. आणि कुरकुर करायच्या की हे कसले सैनिक, कसेही फेकून देतात.

"मग आई हसायला लागली म्हणे," विल्मा म्हणाल्या. "म्हणाली, त्यात एक छोटे आहेत. हिरवे. त्यांना डोळे आहेत."

मी स्वयंपाकघरात उभी होते. त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

नर्सला वाटलं होतं म्हातारी बरळतेय. विल्मांना ऐकताक्षणी कळलं, कारण त्या सकाळी पडवीत त्यांनी मैत्रीचे गमबूट बघितले होते. त्याआधी त्यांनी आम्हाला पाहिलेलंच नव्हतं. आणि वारायच्या दिवशी, पहाटे चहा पाजताना, नर्सने विचारलं होतं की आज कामाला सुट्टी का? तर नेल आजी म्हणाल्या, एकाचेच राहिलेत. काळ्या बुटांवाल्याचे. तो आपले आपणच पॉलिश करतो, मला करावे लागत नाहीत. त्याचे मी बांधून ठेवणार आहे. त्याला घरी जायचंय.

बाबांना घरी जायचं होतं हे त्या बेटावर कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही चौघे सोडून.

मी टेस्टर आहे, मी सगळं करून बघितलं. विल्मांनी खोटं सांगितलं असेल? कशासाठी? नर्सला कुणी सांगितलं असेल? कुणी? पावसातला तो फोटो माझ्याकडे अजून आहे, उताण्या बुटाचा, आणि त्यानंतर थोड्याच मिनिटांनी प्रशांतने काढलेला दुसरा. मी ते दोन्ही फोटो शेजारी ठेवून कितीदा बघितलेत. आणि एक जिवंत बाई, बेटाच्या दुसऱ्या भागात, पलंगावर पडून... याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी खाली लिहावं. मी खिल्ली उडवणार नाही.

त्याच संध्याकाळी मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता कपाटं उघडून दाखवतील. त्यांनी उलट मला कधीच न सांगितलेलं सांगितलं. लहानपणी गावात लग्न असलं की त्यांना मांडवाच्या बाहेर बसवायचे, पाहुण्यांचे जोडे राखायला. पुसायचे, ओळीत लावायचे, जेवण सगळ्यांचं झाल्यावर. मी त्यांची मुलगी, चाळिशीला आले, आणि मला हे माहीत नव्हतं.

"ती पोर गं," बाबा म्हणाले. "लढाई संपून किती वर्षं झाली. पुरे झालं बाळ, ऊठ आता, असं कुणीच म्हणालं नाही तिला?"

ते भूत मानायला लागले असं कृपा करून समजू नका. विचारलंत तर आजही तुम्हालाच चार शब्द सुनावतील. पण गेल्या वर्षी मी भुसावळला गेले तेव्हा दारात थबकले. बाबांचे काळे बूट उंबऱ्याबाहेर नीट जोडीने ठेवलेले होते, सरळ. कुणी ठेवले म्हणून मी जरा घाबरतच विचारलं. ते म्हणाले, मीच. आता काढताना वाकून सरळ करूनच आत येतो, मागून कुणाला वाकायला लागू नये.